एएमएच ०.६२

१५ जून २०२३. शाळेचा पहिला दिवस. मी सिन्नर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिलीत आलेल्या मुलांची पावलं कुंकवाच्या पाण्यात बुडवून कागदावर उमटवायचं काम त्या दिवशी माझ्याकडे होतं. अकरावं की बारावं मूल असेल, फोन वाजला. लॅबने व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवला होता. हात लाल झालेले, म्हणून करंगळीने उघडला. एएमएच ०.६२. शेजारी ठळक अक्षरांत 'लो'.

फोन पालथा ठेवला आणि पुढच्या मुलीचा पाय हातात घेतला. इवलासा पाय होता, तिला गुदगुल्या होत होत्या, ती सारखी मागे ओढत होती. मुख्याध्यापक सर म्हणाले, "मॅडम, कागद हलला." कागद नाही, माझा हात हलला होता.

एएमएच ही अंडाशयातल्या अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी. मूल होत नव्हतं म्हणून केली होती. त्या आकड्याचा अर्थ मला तेव्हा एवढाच माहीत होता की कमी म्हणजे वाईट. तो काय सांगतो आणि काय सांगतच नाही, हे समजायला पुढे चार महिने लागले. ज्यांच्या हातात आज असा रिपोर्ट आहे त्यांच्यासाठी तारखांसकट लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. स्वतःच्या फाइलमधलं आणि डॉक्टरांना विचारून समजून घेतलेलं तेवढंच लिहिते.

थोडं मागचं. लग्न २०१५चं. रिपोर्ट आला तेव्हा माझं वय ३६. २०१९ मध्ये डाव्या अंडाशयावर चॉकलेट सिस्ट निघाली, म्हणजे एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याच्या आजाराची) जुन्या रक्ताने भरलेली गाठ. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. अशी गाठ काढताना तिला चिकटलेली चांगली फॉलिकलंही (अंडी ज्यात वाढतात त्या बारीक पिशव्या) थोडीफार जातात आणि एएमएच खाली येऊ शकतो, हे मला चार वर्षांनी कळलं. ऑपरेशनाआधी ही तपासणी करून घ्या असं कोणी म्हटलं नव्हतं. तुमचं असं ऑपरेशन ठरलं असेल आणि मूल हवं असेल, तर आधी विचारा. साधी रक्ताची तपासणी आहे, पाळीच्या कुठल्याही दिवशी होते. मला १,८०० रुपये पडले.

१९ जूनला रिपोर्ट घेऊन एका दवाखान्यात गेलो. फी ९००. आत सात-आठ मिनिटं असू. डॉक्टरांनी आकडा बघितला, वय विचारलं नाही, सोनोग्राफी केली नाही, आणि म्हणाले, "तुमच्या बीजाने होणार नाही, डोनरचं घ्या." सोबत दरपत्रक दिलं. नवरा बाहेर येऊन मोटारसायकलला किल्ली लावून नुसताच उभा राहिला. घरापर्यंत आम्ही बोललो नाही.

डोनरचं बीज घेण्यात कमीपणा काही नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे. आमच्या ओळखीत एका जोडप्याने तो निर्णय विचार करून घेतला आणि ते सुखात आहेत. राग आला तो एका आकड्यावर, सात मिनिटांत, दुसरं काही न तपासता सांगितल्याचा.

मग जे बहुतेकांचं होतं ते माझंही झालं. एएमएच वाढवून देणारी पावडर मिळाली. महिन्याला ४,२०० रुपये, तीन महिन्यांचा कोर्स, सकाळी अनशापोटी दुधातून. जुलै ते सप्टेंबर एक दिवस न चुकता घेतली. २८ सप्टेंबरला पुन्हा तपासणी केली, या वेळी दुसऱ्या लॅबमध्ये, कारण तिथे १,६०० रुपयांत होत होती. आकडा आला ०.८१. त्या संध्याकाळी मी शिरा केला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नाशिकमधल्याच दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि पेनाने तळाची बारीक ओळ दाखवली. तपासणी कोणत्या पद्धतीने, कोणत्या मशीनवर झाली ते तिथे छापलेलं असतं. दोन्ही रिपोर्टांवर वेगवेगळं होतं. "ताई, हे वाढलेलं नाही," त्या म्हणाल्या. "दोन काट्यांवर एकच पोतं तोललंय." एकाच बाईचा एएमएच दोन पद्धतींत एवढा पुढेमागे होऊ शकतो. शिवाय ०.६२ असो की ०.८१, उपचार ठरवताना दोन्ही एकाच खान्यात जातात. पावडरीबद्दल त्यांनी मला दोष दिला नाही. अंड्यांचा साठा वाढवणारं औषध अजून कुणाकडे नाही, एवढंच म्हणाल्या. १२,६०० रुपये गेल्याचं मला तितकं वाटलं नाही, तीन महिने गेल्याचं वाटलं.

तेव्हापासून माझा हट्ट आहे: एएमएच पुन्हा करायचाच झाला तर त्याच लॅबमध्ये करा आणि एकक बघा. माझी मावसबहीण इंग्लंडला असते. तिचा ५.१ आला होता. मी मनात म्हणायचे, हिचं माझ्यापेक्षा आठपट बरं. तिकडे तो पिकोमोल प्रति लिटरमध्ये देतात, आपल्याकडे बहुतेक नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. तिकडच्या आकड्याला ७.१४ने भागायचं. तिचा निघाला ०.७१. त्या रात्री आम्ही दोघी फोनवर तासभर बोललो, वर्षभरात पहिल्यांदाच मोकळेपणाने. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तरी एएमएच कमी दिसू शकतो आणि पीसीओएस (अंडाशयात लहान फॉलिकलं खूप साठण्याचा त्रास) असेल तर जास्त दिसतो, म्हणून तेही डॉक्टरांना आधी सांगा.

११ ऑक्टोबर, पाळीचा दुसरा दिवस. सकाळी उपाशीपोटी रक्त: एफएसएच ११.४, इस्ट्राडिओल ४८. एफएसएच हे अंडी वाढीला लावणारं संप्रेरक, इस्ट्राडिओल अंडाशयातून येणारं. एफएसएच दहाच्या वर गेला की साठा कमी असल्याचा संशय घेतात. तो महिन्यामहिन्याला बदलतो आणि इस्ट्राडिओल चढलेलं असेल तर खोटाच नॉर्मल दिसतो, म्हणून दोन्ही एकत्र करायचे. मग योनीमार्गे सोनोग्राफी. पाळीत ही तपासणी करताना संकोच वाटतो, पण तिथल्या सिस्टरना ते रोजचंच असतं. जुना गाऊन आणि जास्तीचं पॅड सोबत न्या.

खोलीत अंधार होता. पडद्यावर करड्या रंगात काळे ठिपके, चाळणीची भोकं उजेडात धरल्यासारखे. दोन ते दहा मिलिमीटरचे हे ठिपके म्हणजे अँट्रल फॉलिकलं, त्यांची मोजणी म्हणजे एएफसी. डॉक्टर मोठ्याने मोजत होत्या. उजवीकडे एक, दोन, तीन, चार. मग डावीकडे. एक. त्या थांबल्या, प्रोब थोडा फिरवला, पुन्हा शोधलं. मी छताकडे बघत श्वास धरून होते. "पाच," त्या म्हणाल्या आणि सिस्टरने लिहून घेतलं.

नंतर त्यांनी समोर बसवून जे सांगितलं ते मी घरी येऊन वहीत लिहून काढलं. मुलगी जन्मते तेव्हा तिच्याकडे दहा ते वीस लाख अंडी असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि ती कमीच होत जातात. दर महिन्याला त्यातली थोडी वाढीला लागतात. ही लहान, वाढीला लागलेली फॉलिकलं एएमएच सोडतात. म्हणून एएमएच आणि एएफसी मिळून सांगतात ते इतकंच, की इंजेक्शनं दिल्यावर साधारण किती अंडी हाती येतील. इंजेक्शन नवी अंडी तयार करत नाही. त्या महिन्यात जी रांगेत उभी आहेत त्यांनाच मोठं करतं. रांगेत पाच असतील तर औषध कितीही ओतलं तरी पंधरा होणार नाहीत.

"आणि मूल होईल की नाही?" मी विचारलं.

"ते हा आकडा सांगत नाही. अंड्याचा दर्जा मुख्यतः वय सांगतं. तुमची अंडी कमी आहेत, पण ती छत्तीस वर्षांच्या बाईची आहेत."

हे वाक्य मला जून महिन्यात हवं होतं.

त्यांनी फाइलवर 'पोसायडन ४' असं लिहिलं. घरी जाऊन शोधलं. आयव्हीएफमध्ये कमी अंडी मिळणाऱ्या बायकांची २०१६ साली काही डॉक्टरांच्या गटाने केलेली वर्गवारी आहे ती. एएमएच १.२ पेक्षा कमी किंवा एएफसी पाचपेक्षा कमी, आणि वय ३५ किंवा वर, की गट ४. तेच आकडे पस्तिशीच्या आतल्या मुलीचे असतील तर गट ३, आणि तिच्याकडून अपेक्षा जास्त. आकडा तोच, वयामुळे गट वेगळा.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचा एक अभ्यासही वाचला, २०१७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या, ३० ते ४४ वयाच्या ७५० बायका. त्यातल्या ज्यांचा एएमएच ०.७च्या खाली होता त्यांची बारा पाळ्यांत दिवस राहण्याची शक्यता ८४ टक्के निघाली आणि नॉर्मल असलेल्यांची ७५. हा फरक संख्याशास्त्राच्या हिशेबात धरण्याजोगा नव्हता, म्हणजे कमी एएमएचने नैसर्गिक गर्भधारणा घटलेली दिसली नाही. मी उड्या मारत डॉक्टरांना दाखवायला गेले. त्यांनी शांतपणे सांगितलं की त्या बायकांना आधी अडचण नव्हती. मला एंडोमेट्रिओसिस आहे आणि आठ वर्षं झाली आहेत, तो अभ्यास माझ्यावर जसाच्या तसा बसत नाही. पण अजून लग्न न झालेल्या, सहज तपासणी करून घाबरलेल्या मुलींनी तो जरूर वाचावा.

आयव्हीएफ करायचं ठरलं. घरी सांगायची धास्ती होती. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "केईएमला झालेलं ना गं पहिलं? पेपरात फोटो आलेला." १९८६च्या ऑगस्टमध्ये परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून झालेल्या टेस्ट ट्यूब बाळाबद्दल, हर्षाबद्दल, त्या बोलत होत्या. सदतीस वर्षं ती बातमी त्यांच्या लक्षात होती. मी उगीच घाबरले होते.

कागदपत्रांचं मात्र आधीच करून ठेवा. २०२१च्या एआरटी कायद्यानुसार (आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा कायदा) दवाखाना नोंदणीकृत असावा लागतो, नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर असतं, ते बघा. बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ ही मर्यादाही त्याच कायद्यातली. आम्हाला दोघांचं आधार, फोटो, विवाह नोंदणी प्रमाणपत्र मागितलं. आमची नोंदणीच झालेली नव्हती. ज्या ग्रामपंचायत हद्दीत लग्न लागलं तिथे नमुना ड भरून, तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, भटजींची सही असं करत प्रमाणपत्र मिळायला सोळा दिवस लागले. त्यातले पाच दिवस ग्रामसेवक प्रशिक्षणाला गेले म्हणून. दोघांच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, व्हीडीआरएल (सिफिलिसची) तपासण्या आणि नवऱ्याचा वीर्याचा रिपोर्ट, सगळं मिळून साडेसात हजार. संमतीपत्रांवर दोघांच्या सह्या लागतात. घाईत करू नका, गोठवलेल्या गर्भांचं काय करायचं हेही त्यातच विचारलेलं असतं.

पहिली सायकल, म्हणजे इंजेक्शनांपासून गर्भ सोडण्यापर्यंतची एक फेरी, दिवाळीच्या सुट्टीत बसवली. ९ नोव्हेंबरपासून रोज रात्री आठला अंडी वाढवणारं इंजेक्शन, ३०० युनिट. यापेक्षा डोस वाढवून अंडी वाढत नाहीत, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. सहाव्या दिवसापासून अंडी आधीच फुटू नयेत म्हणून दुसरं इंजेक्शन. भाऊबीजेला माहेरी गेले तर थर्मासमध्ये बर्फाच्या पिशव्या आणि त्यात इंजेक्शन. ओवाळून झालं आणि देवघराशेजारच्या खोलीत पोटावर टोचून घेतलं. इंजेक्शन कुपीसकट बर्फाला चिकटू देऊ नका, गोठलं तर वाया जातं. मी रुमालात गुंडाळायचे. आणि बाहेरून घेतलं तर चालेल का हे दवाखान्यात विचारा. आमच्या डॉक्टरांनी चालेल म्हटलं, तेव्हा औषधांच्या ठोक दुकानात छापील किमतीपेक्षा बरंच कमी पडलं. तरी दहा दिवसांचे ५८,४०० झाले.

दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी असायची. तिथे एक मुलगी भेटायची, २९ वर्षांची, पीसीओएसवाली. तिचा एएमएच ९च्या वर. मला तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. एके दिवशी ती पोट धरून बसली होती. बावीस अंडी निघाली होती, पोटात पाणी साठत होतं, सगळे गर्भ गोठवून ठेवावे लागले. "ताई, मला चप्पल घालायला वाकता येत नाहीये," ती म्हणाली. मी तिची चप्पल पायात सरकवून दिली. जास्त आकडा असला की डॉक्टर डोस कमी ठेवतात तो याच भीतीने. तपासणीचा खरा उपयोग असा दोन्ही बाजूंनी आहे.

१८ नोव्हेंबरला रात्री बरोबर साडेदहाला ट्रिगर, म्हणजे अंडी पिकवणारं शेवटचं इंजेक्शन. वेळ पाळायचीच, दोन गजर लावा. २० तारखेला सकाळी भूल देऊन अंडी काढली. चार. एएफसीने पाच सांगितलं होतं, चार हाती आली. तीन पक्व, दोन फलित, पाचव्या दिवसापर्यंत एकच गर्भ टिकला. २५ला तो गर्भाशयात सोडला. पॅकेज १,४०,०००.

९ डिसेंबरला बीटा एचसीजी, म्हणजे दिवस राहिलेत का ते सांगणारी रक्ताची तपासणी, दोनपेक्षा कमी आला. राहिले नव्हते.

त्या आठवड्याबद्दल फार लिहिता येत नाही. मी एकही रजा घेतली नाही. चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवत होते एवढं आठवतं.

डॉक्टर म्हणाल्या, फार थांबू नका, वय आणि साठा दोन्ही थांबत नाहीत. जानेवारीची पाळी धरायची ठरली. २३ जानेवारीपासून मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणाची ड्यूटी लागली. दारोदारी ॲपमध्ये माहिती भरत फिरायचं, २ फेब्रुवारीपर्यंत. पाळीचा दुसरा दिवस नेमका त्यातच आला आणि गेला. मग शिक्षक पतसंस्थेचं दोन लाखांचं कर्ज मंजूर व्हायला मार्च उजाडला, कारण आमच्या आरोग्य विम्यात आयव्हीएफ बसत नव्हतं. मग उन्हाळी सुट्टी धरली, तर लोकसभेची ड्यूटी. नाशिकचं मतदान २० मे.

ड्यूटी रद्द करण्याचा अर्ज तहसील कार्यालयात दिला. खिडकीवरच्या माणसाने सगळ्यांसमोर विचारलं, "कसला उपचार?" कान तापले माझे. त्यानंतर डॉक्टरांकडून 'स्त्रीरोगविषयक शस्त्रक्रिया नियोजित, तीन आठवडे विश्रांती आवश्यक' असं दाखल्यावर लिहून घेतलं. कारण एवढंच पुरतं, आयव्हीएफ हा शब्द लिहायची गरज नाही. सिव्हिलला जाऊन दाखल्याची पडताळणी झाली, दोन चकरा, तेव्हा नाव वगळलं. शाळेच्या दिवसांत सायकल आली तर किरकोळ रजा सोनोग्राफीच्या दिवसांसाठी राखून ठेवा आणि अंडी काढण्याच्या आठवड्याला वैद्यकीय दाखल्यावर परिवर्तित रजा टाका.

३ मे २०२४, दुसरी सायकल. एएफसी या वेळी चारच. माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टर म्हणाल्या, "मागच्या वेळी पाचातून चार दिली होती. आज तीन येतील असं धरून चालू." अकरा दिवस इंजेक्शनं, ६४,७००. पॅकेज या वेळी १,२०,०००. १५ मेला अंडी काढली. तीनच आली. पण मी भुलीतून जागी होऊन तो आकडा ऐकला तेव्हा रडले नाही, कारण तो आधीच माहीत होता. पहिल्या वेळी 'चार' ऐकून कोसळले होते. तीनही पक्व, दोन फलित. तिसऱ्या दिवशी त्यातला एक चांगला दिसत होता, १८ मेला तो सोडला. दुसरा पुढे वाढला नाही.

२० मेला मी नवऱ्याबरोबर मतदानाला गेले, रांगेत खुर्ची मिळाली. बूथवर आमच्याच शाळांच्या केंद्रातल्या एक शिक्षिका होत्या. शाई लावताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही.

१ जूनला बीटा २१२. ३ जूनला ४५५. सिस्टरनी फोनवर आकडा सांगितला आणि मी त्यांना दोनदा विचारलं, एकक काय आहे.

२०२५च्या जानेवारीअखेर सिझेरियन झालं, मुलगी, अडीच किलो. एकूण खर्च तपासण्या, प्रवास धरून चार लाखांच्या वर गेला, प्रसूतीचा वेगळा. कर्जाचा हप्ता अजून चालू आहे. जास्त अंड्यांच्या सायकलमध्ये राहिलं नाही, कमी अंड्यांच्या सायकलमध्ये राहिलं. यावरून कोणी कमी अंडी बरी असं समजू नये. जास्त अंडी म्हणजे जास्त संधी, हे खरंच आहे. बावीस अंड्यांच्या त्या मुलीला पहिल्या दोन ट्रान्सफरना (गर्भ आत सोडण्याला) यश आलं नव्हतं, पण गोठवलेले गर्भ शिल्लक होते. माझ्याकडे शिल्लक काही नव्हतं. तिसऱ्या सायकलला पैसे नव्हते आणि ती करायची नाही असं आमचं आधीच ठरलं होतं. हेही सुरुवातीलाच दोघांनी बसून ठरवा.

मागच्या महिन्यात शेजारच्या शाळेतल्या एका मॅडमचा रात्री साडेदहाला फोन आला. आवाज बसलेला. "ताई, माझा ०.९ आलाय." लेक मांडीवर झोपली होती, म्हणून मी हळू बोलत होते.

"वय किती गं तुझं?"

"एकतीस."

"बरं. आता रिपोर्ट उघड, आणि सगळ्यात खालची बारीक ओळ मला वाचून दाखव."